रावण राखणीला, मारुती संसारात

बँकॉकला चाललो म्हटलं की वसमतच्या बाजारात माणसं आधी हसतात, मग आवाज खाली आणून विचारतात, "एकटेच की जोडीनं?" त्यांचंही चुकत नाही. खतं-औषधांच्या कंपन्या टार्गेट गाठणाऱ्या दुकानदारांना परदेशी नेतात आणि तो परदेश बहुतेक वेळा बँकॉक-पटायाच असतो. पुरुष मंडळी जातात, परत येतात, आणि काय पाहिलं म्हणून घरी विचारलं तर "बुद्धाची मोठी मूर्ती आहे" एवढंच सांगतात. केवढी मोठी, कुणी घडवली, असं पुढं विचारलं की त्यांना दुकानात काम निघतं.

आमच्या कृषी सेवा केंद्राचं टार्गेट यंदाच्या खरिपात पुरं झालं. सोयाबीनचं तणनाशक आणि बुरशीनाशक बरंच खपलं होतं. या वेळच्या स्कीमच्या कागदावर ‘सपत्नीक’ असा शब्द छापलेला होता. आमच्या मालकांनी कंपनीच्या माणसाला फोन करून तो छपाईतला घोळ तर नाही ना, याची खात्री करून घेतली. घोळ नव्हता. मी गल्ल्यावर बसते, उधारीची वही माझ्या हातात असते, टार्गेट कुणाच्या तगाद्यामुळं पुरं झालं हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून मी लगेच पासपोर्टच्या मागं लागले.

रब्बीची गर्दी सरली आणि हळद काढायला अजून अवकाश होता, अशा डिसेंबरात आम्ही निघालो. नांदेडहून बसनं हैदराबाद, तिथून रात्रीचं विमान. साडेतीन तासांत बँकॉक. माझ्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. विमानतळावर उतरल्यावर घड्याळ दीड तास पुढं करायला सांगितलं, तेव्हा झोप नेमकी कुठं हरवली तेच कळेना. पटायाचे दिवस इथं सांगत बसत नाही. समुद्र पाहिला, वाळूत बसलो, धपाटे संपले. सांगायचा आहे तो शेवटचा दिवस, बँकॉकच्या ‘सिटी टूर’चा.

सकाळी हॉटेलच्या खाली उतरलो तर प्रत्येकाच्या छातीवर एक गोल स्टिकर चिकटवला गेला. त्यावर बसचा नंबर. हरवलात तर हे दाखवा, असं टूर मॅनेजरनं बजावलं. आमची गाइड चाळिशीतली थाई बाई होती. हातात मिटलेली छत्री, छत्रीच्या टोकाला पिवळी फीत. ती छत्री दिसेल तिकडं चालायचं, एवढाच दिवसभराचा नियम. हिंदी तिनं पर्यटकांकडूनच उचललेलं, त्यामुळं तिच्या वाक्यांत ‘जल्दी’ आणि ‘चलो’ जास्त होते. बायका सगळ्या ‘दीदी’, पुरुष सगळे ‘भैया’. बस सुटली तेव्हा निम्मे भैया रात्रीच्या जागरणानं डोलत होते.

पहिला मुक्काम राजवाडा. तिथल्या दारात आमच्या गटाची पहिली पंचाईत झाली. राजवाड्यात आणि देवळात गुडघे आणि खांदे झाकलेलेच पाहिजेत. आमचे काही दुकानदार हाफ पँटवर आले होते. बाहेरच्या दुकानांतून त्यांना हत्तीच्या चित्रांचे ढगळ पायजमे घ्यावे लागले. एरवी पांढऱ्या कडक शर्टात वसमतच्या मोंढ्यात फिरणारी माणसं हत्तीचे पायजमे घालून रांगेत उभी राहिली, तेव्हा आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसत होतो. साडी नेसलेल्यांना कुणी हटकलं नाही. पदर खांद्यावरून पुढं घेतला की काम झालं.

तिकीट परदेशी माणसाला 500 बाथ. एका बाथाचे अडीच-पावणेतीन रुपये धरले तर तेराशेच्या वर गेले. थाई लोकांना मात्र फुकट. तिकीट पॅकेजमध्ये होतं म्हणून कुणी कुरकुरलं नाही. पण माझ्या डोक्यात सारखा हिशेब चालू होता: हे पैसे कंपनीचे नाहीत, आणि आमचेही नाहीत. पाठीवर पंप घेऊन सोयाबीन फवारणाऱ्या शेतकऱ्यानं जी बाटली घेतली, तिच्या किमतीतूनच ही सहल निघते. आमचा खरा यजमान तो. त्याला या दारातून कधी कुणी आत नेणार नाही.

गाइड सांगत होती: 1782 मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या राजानं राजधानी नदीच्या पलीकडच्या थोनबुरीतून या काठावर आणली आणि हा वाडा बांधायला काढला. आवाराच्या भिंती मिळून जवळपास दोन किलोमीटर भरतात. आत गेलं की पहिल्यांदा काहीच नीट दिसत नाही. सोन्याचा घुमट, आरशांचे तुकडे जडवलेले खांब, हिरवी-केशरी कौलं, सगळं एकाच वेळी डोळ्यांवर येतं, आणि वरून ऊन. मी आपली पिवळी फीत धरून चालत होते. आणि एका दाराशी थबकले.

दाराच्या दोन बाजूंना दोन राक्षस उभे. माणसाच्या तिप्पट उंच, दात बाहेर, दोन्ही हात गदेवर टेकवलेले, अंगावर रंगीत काचांचा पोशाख. असे बारा जण या आवारातल्या देवळाच्या दारांवर राखण करतात. त्यातल्या हिरव्याच्या मुकुटात छोटी छोटी तोंडं एकावर एक रचलेली. "दीदी, ये थोत्साकान. सीता को ले गया, वो," गाइड म्हणाली.

म्हणजे रावण! आमच्या हिंगोलीला दसऱ्याला रामलीला मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या रावण जाळतात. गावोगावचे लोक तो जळताना बघायला लेकरांना खांद्यावर घेऊन येतात. आणि इथं तोच रावण देवाच्या दारात राखणीला ठेवलेला, रंगरंगोटी करून, हार घालावा इतका नीटनेटका. मी गाइडला विचारलं, हा तर दुष्ट, मग दारात काहून? ती म्हणाली, ताकदवान आहे ना, म्हणून. वाईट गोष्ट आत येऊ देत नाही. तिला यात काहीच अडचण वाटत नव्हती. मला मात्र त्या क्षणापासून दिवसभर एकच त्रास सुरू झाला. जे अगदीच अनोळखी होतं त्यानं मी बावरले नाही. उंच इमारती, डोक्यावरून धावणारी रेल्वे, तळलेले किडे, हे सगळं ‘परदेश आहे, असायचंच’ म्हणून पचलं. बावरले ते ओळखीच्या गोष्टींनी.

देवळाभोवती लांबच लांब ओवरी आहे आणि तिच्या भिंतीवर सगळं रामायण रंगवलेलं आहे. 178 चित्रं, एकाला लागून दुसरं. मजकूर समोरच्या खांबांवरच्या संगमरवरी पाट्यांवर पद्यात कोरलेला. सुरुवात जनकाला नांगरताना सीता सापडते तिथून. ते पाहून मला हायसं वाटलं; चला, एवढं तरी आपलंच. पण गाइडनं लगेच पुढचं सांगितलं: ही मुलगी मुळात रावणाचीच. कुळाचा नाश करील असं भाकीत झालं म्हणून बापानं तिला कलशात घालून पाण्यात सोडून दिली. माझ्या शेजारच्या कळमनुरीच्या वहिनी म्हणाल्या, "काय माय, मग त्यानं पोटच्या पोरीलाच पळवलं का?" आमच्याकडच्या अद्भुत रामायणातही सीता मंदोदरीच्या पोटची आहे, हे मला घरी आल्यावर कीर्तनकार महाराजांनी सांगितलं. तिथं उभी असताना काही ते माहीत नव्हतं.

मग आला मारुती. पांढराशुभ्र, अंगावर सोन्याचे दागिने. एका चित्रात तो डोंगराएवढा होऊन बसलाय आणि रामाचा मंडपच त्यानं तोंडात धरलाय. मायावी राक्षस रात्री रामाला पळवायला येणार म्हणून ही राखण. ओठांच्या आत मंडप, बाहेर वानरांचा पहारा. चितारणाऱ्यानं प्रत्येक वानराचं तोंड निराळं काढलंय, एक जण तर चक्क जांभई देतोय असं मला वाटलं. अहिरावण-महिरावणाची गोष्ट आमच्या आजीनं सांगितलेली, त्यामुळं हेही ओळखलं. आम्ही बायका हात जोडतच पुढं सरकलो.

आणि पुढच्या भिंतीशी गाइड हसून म्हणाली, "ये हनुमान का गर्लफ्रेंड."

चित्रात समुद्र. सेतूसाठी वानर दगड टाकतायत आणि खालून मासे ते दगड पळवून नेतायत. माशांची पुढारी एक सुंदर बाई, कमरेखाली सोनेरी मासोळी. सुवण्णमच्छा तिचं नाव, रावणाची आणखी एक मुलगी. बापानं सेतू मोडायला पाठवलेली. मारुती तिला धरायला पाण्यात उतरतो, तिच्या मागं मागं पोहतो, आणि धरायच्या ऐवजी तिच्यावर भाळतो. तीही दगड परत आणून द्यायला लावते. त्यांना मुलगा होतो, मच्छानू. वरचं अंग वानराचं, शेपूट माशाचं.

आमच्यात शनिवार धरणाऱ्या निदान चार जणी होत्या. सगळ्या गप्प. मग कळमनुरीच्या वहिनींनी ठणकावून सांगितलं, "हमारा मारुती ब्रह्मचारी है." गाइडनं मान हलवली. "आपका ब्रह्मचारी. हमारा नहीं." आणि ती छत्री उंच करून पुढं गेली. इतक्या सहज! भांडण नाही, समजावणं नाही. मी तिथंच मागं राहिले. त्या चित्रात मारुतीचा हात त्या मासोळीच्या खांद्यावर होता आणि त्याच्या तोंडावर लंका जाळणाऱ्याचा आव अजिबात नव्हता. राग यायला हवा होता. आला नाही.

ज्या देवळाभोवती ही ओवरी, ते पाचूच्या बुद्धाचं. पाचू म्हणतात, पण मूर्ती हिरव्या जेड जातीच्या दगडाची आहे, उंची अवघी 66 सेंटिमीटर. सोन्याच्या इतक्या उंच आसनावर बसवलेली की मान मागं टाकून बघावं लागतं. पहिला राजा सेनापती असताना 1779 मध्ये त्यानं ती लाओसच्या व्हिएन्टिनहून आणली. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन सोन्याचे पोशाख, आणि ते बदलायचे राजानं स्वतः. आम्ही गेलो तेव्हा थंडीचा पोशाख होता, खांद्यापासून खाली सोन्याची जाळीदार शाल. बाहेर आम्ही घामानं निथळत होतो, पण पंढरपुरात थंडी सुरू झाली की पांडुरंगाला शाल-कानपट्टी घालतातच की. हे मात्र कुणाला सांगावं लागलं नाही.

आत फोटो काढायचा नाही. जमिनीवर बसायचं, आणि पायाचे तळवे मूर्तीकडं करायचे नाहीत. आमच्यातले एक दुकानदार दमून पाय पसरून बसले, तर रखवालदार आला आणि खुणेनं पाय आत घ्यायला लावले. त्यांनी उजवीकडं वळवले तर तिकडं एक भिक्खू बसलेले. तेही चालत नाही. शेवटी ते बिचारे मांडी घालून बसले.

मला औंढा आठवलं. आमच्या जिल्ह्यातल्या लेकरालाही ती गोष्ट पाठ असते. नर्सीचे नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला नागनाथाच्या देवळात येतात, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव म्हणतात पाय काढा. विसोबा म्हणतात, जिथं देव नाही तिथं तूच नेऊन ठेव. पाय उचलून ठेवील तिथं नामदेवांना पिंड दिसते. ही गोष्ट मी कीर्तनात शंभर वेळा ऐकलीय आणि दर वेळी मान डोलावलीय. पण खरोखर देवाकडं पाय करून बसलेला माणूस समोर दिसला तेव्हा त्याला आधी मीच डोळ्यांनी दटावलं होतं, रखवालदार नंतर आला. विसोबांची गोष्ट आवडणं वेगळं आणि विसोबा शेजारी बसलेले चालणं वेगळं.

तिथून वाट फो नावाच्या देवळात. आमची पुरुष मंडळी जिच्याबद्दल सांगतात ती ‘मोठी मूर्ती’ हीच. पहुडलेला बुद्ध, 46 मीटर लांब, 15 मीटर उंच, आतून विटा-चुना, वरून सोन्याचा मुलामा. तिसऱ्या राजाच्या काळात, 1832 च्या सुमारास घडवलेला. इमारत मूर्तीच्या अंगाबरोबर शिवल्यासारखी आहे, त्यामुळं मूर्ती अख्खी अशी दिसतच नाही. खांबांच्या फटीतून आधी चेहरा, मग कोपर, मग लांबवर सोनं आणि सोनं, आणि शेवटी पाय. तळव्यांपाशी सगळ्यांत जास्त गर्दी. माणसापेक्षा उंच तळवे, त्यावर काळ्या जमिनीत शिंपल्यांच्या चकचकीत तुकड्यांनी 108 शुभचिन्हं जडवलेली आणि मधोमध चक्र. तासाभरापूर्वी पाय दाखवू नका म्हणून दटावलं, आणि आता देवाचे पाय बघायला ढकलाढकली. वारकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आम्ही तर पायांसाठीच पंढरपूरला तासन्‌तास बारीत उभे राहतो. हत्तीचा पायजमा घातलेल्या त्याच दुकानदारांनी इथं सगळ्यांत आधी डोकं टेकवलं.

मूर्तीच्या पाठीमागं 108 काशाची भांडी ओळीनं ठेवलीयत. नाण्यांची वाटी विकत घ्यायची आणि प्रत्येकात एकेक टाकत जायचं. टणटण असा सतत आवाज. गाइड म्हणाली, पाच मिनिटं. मी नाणी टाकत असतानाच छत्री दारातून बाहेर गेली आणि उरलेली नाणी मी शेवटच्या भांड्यात एकदम ओतली.

याच वाट फोमध्ये थाई मसाजचं जुनं विद्यापीठ म्हणावं असं ठिकाण आहे. मसाज म्हटल्यावर डोलणारे भैया जागे झाले. पण तिथं दिसलं ते वेगळंच. भिंतीत बसवलेल्या दगडी पाट्यांवर माणसाच्या देहाच्या आकृत्या, त्यावर नसांच्या रेघा, कुठं दाबलं तर काय बरं होतं याचे ठिपके. तिसऱ्या राजानं ही विद्या लिहून, कोरून सगळ्यांना वाचता यावी म्हणून ठेवली. या शिलालेखांची 2011 मध्ये युनेस्कोनं जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली, आणि 2019 मध्ये थाई मसाज मानवतेच्या वारशात गेला. बाहेर दगडी टेकाडावर ऋषींचे पुतळे, एक जण पाय मानेमागं घेतोय, दुसरा खांदा पिळतोय. ज्या शब्दाला आमच्या बाजारात माणसं डोळा मारतात, तो इथं देवळाच्या भिंतीवर औषध म्हणून कोरलेला होता. यावर एकही भैया काही बोलला नाही.

मला मात्र तिथं वेगळाच वास आला. मसाजसाठी वाफवलेल्या औषधी पोटळ्या एका टोपलीत होत्या. एक नाकाला लावली. गवती चहा, कापूर, आणि खाली ओली हळद. डोळे मिटून सांगितलं असतं. वसमतची हळद गेली कित्येक वर्षं आमच्या घरात, दुकानात, केसांत, नखांत आहे. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. मी पोटळी दाबून पाहिली, गाठ किती, भुकटी किती याचा अंदाज घेतला आणि किंमत विचारली. किंमत ऐकून मनातल्या मनात क्विंटलचा भाव काढला. संत नामदेव मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लावून बोलीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला तो भाव सांगितला असता तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. मूठभर हळद फडक्यात बांधली आणि गरम करून खांद्यावर ठेवली की तिचं मोल इतकं वाढतं. ही एकच पोटळी मी त्या दिवशी विकत घेतली.

नदी ओलांडायला होडी. चाओ फ्राया पाण्यानं भरून वाहत होती. डिसेंबरात कयाधूचं पात्र बघणाऱ्या माणसाला ते पाणी बघूनच बरं वाटतं. पाचच मिनिटांचा प्रवास, तेवढ्यात मी गाइडला गाठलं. त्या मासोळीचं पुढं काय झालं? ती आधी हसली, मग सांगू लागली. मारुती लढाईला निघून गेला. बापाला कळेल या भीतीनं तिनं लेकरू किनाऱ्यावर ठेवलं. पाताळातल्या राक्षसानं ते वाढवलं, दारावर पहारेकरी नेमलं. पुढं मारुती रामाला सोडवायला तिथं गेला तेव्हा बापलेकांची झुंज झाली, कुणीच हरेना, मग ओळख पटली. एवढ्यात धक्का आला. "जल्दी, दीदी."

पलीकडं वाट अरुण. सत्तर-ऐंशी मीटरांचा मनोरा, लांबून नुसता करडा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं की त्याचं सगळं अंग चिनी बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. आमच्याकडं तुळशीवृंदावनाला फुटक्या बशांचे तुकडे लावायचे तसं, फक्त ढगाला टेकेल एवढं. एका फुलाची एकेक पाकळी म्हणजे एकेका बशीचा काठ. पायऱ्या इतक्या उभ्या की चढताना हात टेकतात आणि उतरताना बायका देवाचं नाव घेतात. वर कोनाड्यात तीन तोंडांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र. आमच्याकडं इंद्राचं देऊळ कुठं बघायला मिळतं! त्याला पुराणात बसवून आपण मोकळे झालो. इथं तो मनोऱ्यावरून शहर राखतोय.

दुपारचं जेवण भारतीय हॉटेलात. पनीर, डाळ, गुलाबजाम. शहर पाहायला आलेल्या माणसाला त्या शहराचा एक घासही मिळत नाही, ही या टूरची खासियत. कुणी तक्रार केली नाही, मीही नाही.

नंतर वाट त्रायमित, सोन्याचा बुद्ध. ही गोष्ट मला सगळ्यांत आवडली. शेकडो वर्षं ही मूर्ती चुन्याच्या गिलाव्यात होती, साधी म्हणून कुणी ढुंकून बघत नव्हतं. 1955 मध्ये नव्या जागी हलवताना दोर तुटला, मूर्ती आदळली, गिलावा फुटला आणि आत सोनं निघालं. साडेपाच टन वजन. शत्रूची नजर पडू नये म्हणून कुणीतरी ते लपवलं आणि लपवणारेच विसरले. आमचे दुकानदार मोबाइल काढून तोळ्याच्या भावानं गुणाकार करू लागले. शून्यं मावेनात तेव्हा थांबले.

मग टूरमधला सगळ्यांत लांब मुक्काम, दागिन्यांचं दुकान. राजवाड्याला दीड तास मिळाला, रत्नांच्या दुकानाला त्याहून जास्त. थंड हवा, फुकट सरबत, हिंदी बोलणारे विक्रेते, आणि बाहेर पडायचा रस्ता सगळ्या काउंटरांवरून वळणं घेत जाणारा. पॅकेज स्वस्त का पडतं ते इथं उलगडतं. गिऱ्हाईक आणणाऱ्याचा त्यात वाटा असतो. आम्हीही दुकानदारच, दुसऱ्याची स्कीम आमच्या लगेच ध्यानात येते. त्यामुळं आमच्या बसमधून फारसं काही विकलं गेलं नाही. विक्रेत्यांचे चेहरे उतरले तेव्हा मला त्यांची थोडी दयाच आली. टार्गेट त्यांनाही असणार.

दिवस मावळताना गजबजलेल्या चौकात, रेल्वेच्या पुलाखाली, एरावन देवस्थान. चार तोंडांचा ब्रह्मदेव. हॉटेल बांधताना अपघात होऊ लागले म्हणून 1956 मध्ये ही स्थापना केली, असं सांगितलं. 2015 मध्ये इथं बॉम्ब फुटून 20 माणसं गेली. तरीही आज पाय ठेवायला जागा नव्हती. चारही तोंडांपुढं उदबत्त्या, झेंडूच्या माळा, लाकडी हत्ती. नवस फेडायला पैसे भरले की पारंपरिक वेशातल्या नर्तकी देवापुढं नाचतात. आपल्याकडं ब्रह्मदेवाचं नाव संकल्पात येतं, पूजेत नाही; त्याचं देऊळ बघायचं तर पुष्करला जा. आणि इथं ऑफिस सुटलेल्या मुली पर्स खांद्याला लावून त्याच्यापुढं डोळे मिटून उभ्या. एका मुलीनं चारही बाजूंना फिरून नमस्कार केला, हत्ती ठेवला आणि पळत जाऊन रेल्वे पकडली. दिवसभरात मला अख्ख्या गावाचं म्हणून जे काही दिसलं, ते तिथं दिसलं. छत्री नेहमीप्रमाणं पुढं निघाली होती.

परत निघताना विमानतळावर पासपोर्टच्या रांगेनंतर समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा लागतो. वासुकीला देव आणि दानव दोन्हीकडून ओढतायत, वर विष्णू. आता मला काही विचारायचं राहिलं नव्हतं. दानव एका बाजूला आहेत म्हणून मंथन होतं, एवढं तर आपल्या पुराणातही आहे. ते मी इतकी वर्षं फक्त ऐकत आले होते.

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात संध्याकाळी बायकांचा हरिपाठ असतो. परतल्यावर पहिल्याच दिवशी मला घेरलं. काय पाहिलं? मी ‘मोठी मूर्ती’ सांगून सुटू शकले असते. पण मी मासोळीची गोष्ट सांगितली, त्याच मारुतीसमोर बसून. एक-दोघींनी कानाला हात लावले. एकीनं सांगितलं की आपलाही मकरध्वज आहेच, पण तो घामाचा थेंब मासोळीनं गिळला म्हणून झाला, त्यात मारुतीचा काही दोष नाही. दुसरी म्हणाली, घामाची गोष्ट कुणा पुरुषानंच रचली असंल. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजी इतका वेळ टाळ मांडीवर घेऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "पाताळाच्या दारातली झुंज तर आपलीच हाये. मंग त्यांचं येगळं काय?"

मी म्हटलं, आजी, आपल्याकडं लेकराचं नाव आहे आणि आई म्हणजे नुसती मासोळी. तिथं आईलाही नाव आहे, तोंड आहे, राजाच्या देवळात भिंतीवर तिची जागा आहे.

आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मंग लेकरू टाकून जाताना ती काय म्हणली, ते बी लिव्हलं आसंल की तिथं."

यावर दोन्ही बाजूंनी असा काही कल्ला उठला की त्या दिवशी हरिपाठ अर्धा तास उशिरा सुरू झाला.